पायावर दिलेला पाय

प्रिय चिंबात,

माझं पत्र बघून आई गेली की काय असं वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. नजर तेवढी आणखी अधू झालीय. मी मात्र तुमच्या शहरातून परतल्यापासून धड एका जागी बसलेली नाही. काल दुधाचं भांडं तंबूबाहेरच विसरले, कुत्र्यांची चंगळ झाली.

अनुदारीच्या पदवीला मला बोलावणं नव्हतं. तू कसं बोलावणार? वडिलांचा शर्यतीचा घोडा तू परस्पर विकलास, मी तुला नाही नाही ते बोलले, तेव्हापासून आपण भाऊबहीण एकमेकांना मेल्यासारखेच. पण तुझी ही लेक शाळेत जाईपर्यंत माझ्याजवळ वाढली. तिला त्या दिवशी डोळे भरून बघायचंच होतं, म्हणून दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आले.

सुखबातर चौकात नुसती जत्रा भरली होती. पायऱ्यांवर टोप्या उडवणारी पोरं, छातीवर पदकं लावून आलेले आजोबा, एक नवरी तर दुसरीच्याच फोटोत शिरलेली. माझा झगा बघून एक फोटोवाला म्हणाला, मावशी, कुरणातून थेट इथेच का, घोडा कुठे बांधलात? मला कुठली हसायची शुद्ध. माझे डोळे तुम्हाला शोधत भिरभिरत होते.

तू दिसलास. तुलाही मी दिसले, आणि तू तोंड फिरवलंस. तशीच गर्दीत घुसले आणि तुझ्या पायावर पाय दिला.

आपल्यात पायावर पाय पडला की तिथल्या तिथे हात मिळवायचा, नाहीतर वैर लागतं. तुझा हात आपसूक पुढे आला.

"हात सोड, लोक बघतायत," तू पुटपुटलास.

"तू सोड," मी म्हणाले.

सोडला कोणीच नाही. मग तुझा फोन वाजला आणि तू निघून गेलास.

परवा अनुदारी फोनवर सांगत होती, बाबा सगळ्यांना म्हणतात, एवढ्या गर्दीत ताईचाच पाय पडावा, ही आभाळाची इच्छा. चिंबात, आभाळाचा काही संबंध नाही. तो पाय मी मुद्दाम दिला होता, चांगली टाच रोवून. असा फसवून घेतलेला हात मला पचत नाही. राग धरायचा तर खुशाल धर, तू मोकळा आहेस.

पण आईचं काय करू? तू हात मिळवलास, एवढंच तिला सांगितलं. तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि लहानपणी आपली डोकी हुंगायची तसा हुंगत बसली. म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय. अजून ट्रकच चालवतो वाटतं माझा पोरगा." तो वास बसचा होता. मी हात तसाच तिच्याकडे राहू दिला. आता ती रोज सकाळी माझा हात मागते, आणि मी तो धुतलेला असला की रुसते. माझ्याने आता तो तिला देववत नाही. तुझा घेऊन ये.

रागावलास तरी तुझीच,
ओयुंचिमेगताई