वादळाने पेरलेली पोवळी

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की यंदा तुझ्या समुद्रातल्या बागेतल्या पोवळ्यांची अंडी फळली नाहीत, कारण टबातलं पाणी तापलं होतं. ते चूक आहे. पाणी तापलं नव्हतं. तापमापक मी स्वतः पाहिला होता, पाणी हवं तसंच होतं. पण दुसरं कारण सुचेना म्हणून तेच लिहून टाकलं. अंदाज असेल तर अंदाज म्हणायचं हे तूच मला शिकवलंस, आणि तुलाच मी अंदाज खरा म्हणून कळवला. तेव्हापासून ते एक वाक्य माझ्या मागे लागलंय. दात घासताना, बसमध्ये उभी असताना, कोणी भलतंच बोलत असताना मध्येच आठवतं.

आता नीट सांगते. यातलं बरंचसं तू माझ्याहून चांगलं जाणतेस, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. बागेतली पोवळी वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या दोन-चार संध्याकाळी, अंधार पडला की आपली गुलाबी गाठोडी पाण्यात सोडतात. मोहरीएवढं एकेक गाठोडं, त्यात अंडीही असतात आणि बीजही. पण स्वतःचं बीज स्वतःच्या अंड्याला सहसा चालत नाही, दुसऱ्या पोवळ्याचं लागतं. म्हणून आम्ही बागेच्या वेगवेगळ्या रांगांतली पोवळी टबात आणून ठेवली होती. गाठोडी सुटली, वर तरंगली, आम्ही ती हलक्या हाताने गोळा करून एकमेकांत मिसळली. आम्ही म्हणजे मी आणि चष्मेवाली. ती माझ्याबरोबर काम करते, चष्मा सदा कपाळावर आणि शोध सदा टेबलाखाली. थोड्या वेळाने अंडी दोनात, मग चारात विभागायला हवी होती. एकही विभागलं नाही. सगळी गोल गरगरीत, जशीच्या तशी. चष्मेवाली सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाली, "सगळी रुसून बसलीयत गं, कोणी कोणाशी बोलायलाच तयार नाही."

दुसऱ्या संध्याकाळी तिने खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात वाढणारं त्याच जातीचं एक पोवळं आणलं. तू ज्यांना मरतुकडी म्हणायचीस त्यांतलं. मी तिला म्हटलं, याचं काय करायचंय, हे धड उभंही राहत नाही. तिने ऐकलं नाही. त्याची गाठोडी बागेतल्यांत मिसळली आणि तीन तासांनी आत बघितलं तर अंडी विभागत होती. दोन, चार, आठ. चष्मेवाली म्हणाली, "बघ, पाहुणा आला आणि रुसवा गेला." मी पण हसले. मग हसता हसताच मनात आलं, पाहुण्याशी जमतं तर आपसात का नाही?

मी बागेतल्या प्रत्येक रांगेतून नखाएवढा तुकडा घेऊन तपासणीला पाठवला. आई-मुलाचं नातं ठरवायला माणसांची करतात तशीच ही तपासणी. निकाल आला तो मला खरा वाटेना, म्हणून पुन्हा तुकडे घेतले, या वेळी दुसऱ्या हातमोज्यांनी, दुसऱ्या डबीत, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवले. त्यांचंही तेच म्हणणं आलं. आत्या, तुझी अख्खी बाग एकच पोवळं आहे.

इथे मी उठून टब बघून आले. टब रिकामे आहेत, बघण्यासारखं काही नाही.

तू एकाचेच तुकडे लावले नव्हतेस. मी होते तिथे. त्या कडक उन्हाळ्यात पाणी तापून समुद्रतळ पांढराफटक पडला होता, तेव्हा बाबा होडीचं इंजिन धरून बसले होते आणि मला तू पाण्यात तोंड घालून बघायला शिकवत होतीस. जी पोवळी रंग धरून तगली होती त्यांचे तुकडे तू घेतलेस, आणि ते घेताना किती कटकट केलीस. हे त्याच्या फार जवळ आहे, नको. ते लांबचं, ते चालेल. बाबा वैतागून म्हणाले होते, "भाजी निवडतेस की काय?" तू म्हणालीस, "एकाच घरातली सगळी नकोत, उद्या काही झालं तर घरच बसेल." लांब लांब असलेली बारा पोवळी तू निवडलीस. आणि ती बाराही एकाच म्हाताऱ्या पोवळ्याची निघाली. माझ्या जन्माआधीच्या ज्या वादळाने आपल्या घराचं छप्पर नेलं, त्यानेच बहुधा ते पोवळं मोडून त्याच्या फांद्या सगळ्या उतारावर फेकल्या असणार. हा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच लिहिते. जी फांदी जिथे पडली तिथे तिने धरलं आणि वाढली. तू तिथे पोचलीस तोवर ती बारा वेगळी घरं दिसत होती. डोळ्यांना यापेक्षा जास्त दिसणं शक्यच नव्हतं. तुझ्या काळजीत मला कुठे भोक सापडत नाही, आणि माझी झोप त्यानेच उडवलीय. चूक निष्काळजीपणाने झाली असती तर मी म्हटलं असतं, मी काळजी घेईन.

मला शाळेत उशिरा घातलं, तोवर तुम्हीच माझी शाळा. आईने शिलाईच्या मापांवर बेरीज-वजाबाकी शिकवली, बाबांनी इंजिन उघडून दाखवलं, आणि तू एकच पान तीनदा काढायला लावायचीस. पहिल्यांदा आपण मनातलं पान काढतो म्हणायचीस, समोरचं पान तिसऱ्या खेपेला कागदावर उतरतं. शाळेत गेल्यावर बाईंनी विचारलं, याआधी कोण शिकवत होतं, तर मी म्हटलं आत्या, आणि पोरं हसली. मला कळेचना यात हसण्यासारखं काय आहे. अजूनही कळत नाही.

आता इथलं. आमचे संचालक तुला आठवत असतील, होडीतसुद्धा ज्यांच्या शर्टाला सुरकुती पडत नाही म्हणून तू त्यांना इस्त्री म्हणायचीस. त्यांना मी दोन्ही निकाल दाखवले. त्यांनी नीट वाचले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुझं चुकलंय असं मी म्हणत नाही. पण मासे परत आले ना त्या बागेत? आले. मग हा शनिवारचा लावणीचा कार्यक्रम पार पडू दे, नंतर बघू." मासे आले हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही, तुझ्या फांद्यांमध्ये आता बोटभर निळे मासे थव्याने राहतात. पण शनिवारपासून त्याच बागेचे तुकडे करून उत्तरेकडच्या सगळ्या उघड्या उतारावर लावायचे आहेत. एकदा ती जागा भरली की भरली. तेच एक पोवळं सगळीकडे. एक वाईट उन्हाळा किंवा एखादा रोग त्याला झेपला नाही तर सगळं एकदम जाईल, आणि मागे पिल्लू एकही नसेल. बाग मोडायची असं मी म्हणत नाहीये, आत्या. लावणी थांबवायची, खाडीकडची आणि इतर ठिकाणची पोवळी शोधायची, आणि ती या बागेत मिसळायची. 'नंतर बघू' यातलं नंतर कधी येतं ते मी या इमारतीत पाहिलेलं आहे.

बाबांना मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण फोनवर त्यांनी आवाजावरून ओळखलं. ते म्हणाले, तिला यातलं काही कळता कामा नये. ऑपरेशननंतर ती उठून बसतेय ती समोरच्या त्या बागेच्या फोटोकडे बघत, तेवढं तरी तिच्याकडे राहू दे. मग म्हणाले, "तुझं खरंखोटं बाहेर ठेव, घरात आणू नकोस." मी म्हटलं, बाबा, मी ते घरातच शिकलेय. त्यांनी विषयच बदलला. मग विचारलं, जेवलीस का. मी खोटंच हो म्हटलं, त्याचीही आता टोचणी आहे.

तर हे पत्र कशासाठी ते. शनिवारच्या लावणीचा पहिला तुकडा तुझ्या हातून लावायचा असं इस्त्रीने ठरवलंय, आणि तू येते म्हणून कळवलंस, नव्या चपलाही आणवल्यास, हे आईने मला कौतुकाने सांगितलं. तू पहिल्या रांगेत बसशील, आणि तुला माहीत नसेल. किंवा तोवर कोणीतरी उडत उडत सांगेल, तेही अर्धवट. दोन्ही मला सहन होणार नाही. फोन केला तर बाबा उचलतात, म्हणून हे पत्र चष्मेवालीच्या हाती देतेय; ती उद्या तिकडे येणार आहे आणि तुझ्याशिवाय कोणाला देणार नाही. तू रागाव, रड, मला शंकेखोर म्हण, पण मला एक सांग: त्या उन्हाळ्यात तू मरतुकडी म्हणून जी जी सोडून दिलीस, ती कुठे कुठे होती? ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आणि तू यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर तुला घ्यायला मी स्वतः येईन. मात्र तुझं उत्तर आलं किंवा नाही आलं, तरी लावणीच्या आधीची सगळ्यांची बैठक आहे, तिथे दोन्ही निकाल टेबलावर ठेवून मी उभी राहून हे सांगणार आहे, येत्या गुरुवारी, सोळा तारखेला.

तुझीच,
शंकेखोर भाची