लेफ्ट फिल्डला मोरेसाहेब

हमद टाउन, बहरीन, गुरुवार, १४ मार्च १९९६

उद्या मुलाच्या ऑफिसच्या टीमची बेसबॉलची मॅच, घरच्यांनाही खेळता येतं. आउटफिल्डला, म्हणजे पार मागे कुंपणाकडे, कोण, यावर संध्याकाळभर आमच्याच हॉलमध्ये वाद. माझ्या सुनेला, नंदाला, घेणारच नाहीत! परवा सरावात तिने पार कुंपणापासून फेकलेला बॉल थेट बॅटवाल्यामागच्या कॅचरच्या हातात पडला. सगळ्यांनी पाहिलं. तरी कॅप्टन जाधव म्हणतो, "काकू, आउटफिल्डला डावीकडे, लेफ्टला मोरेसाहेब. मॅनेजरला बाहेर कसं बसवणार?"

मोरेंना धड वाकता येत नाही! म्हटलं, "मग तिथे खुर्ची टाका त्यांना." सगळे हसले, नंदा सोडून. कुंपणापासून, थेट हातात! शाळेत आम्हाला खेळ शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने तिला डोक्यावर घेतलं असतं.

आणि माझा मुलगा? चहा ढवळत म्हणतो, "आई, खलास, विषय संपला. साहेब नाराज होतील." बायको नाराज झालेली चालते?

कप विसळताना नंदा म्हणाली, "जाऊ दे आई, मी टाळ्या वाजवीन."

टाळ्या! तो हात काय टाळ्यांसाठी आहे?