थान घराण्याच्या तुंबड्या

मी, थान रुइल्यान, दिवंगत लू शिहाई यांची पत्नी, वय शहात्तर, धंदा दुखऱ्या अंगाला तुंबड्या लावण्याचा, राहणार बाइशा घाट, युआन नदीकाठ, हुनान, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. हात कापतो, म्हणून अक्षर असे आहे; डोके कापत नाही. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, मागची संत्र्याची झाडे व बँकेतील ठेव माझा एकुलता एक मुलगा लू वेइ यास मिळावी. पुढची खोली मात्र, जिथे मी तुंबड्या लावते, ती कलम ३ मधील व्यक्ती काम करील तोवर तिच्याकडे राहील.

कलम २. दारातल्या बाकावर शेजारच्या फंग म्हाताऱ्याने बसू नये. कारण त्याला ठाऊक आहे. बसलाच, तर उठवू नये.

कलम ३. बांबूच्या तुंबड्या, त्यांची टोपली आणि औषधी पाला उकळण्याचे पातेले माझी भाची थान यीन हिला द्यावे. ती माझा धाकटा भाऊ ग्वांगफू याची मुलगी. याचे कारण नोंदवणे जरूर आहे.

या तुंबड्या आमच्या वडिलांच्या. मी आणि ग्वांगफू दोघेही त्यांच्या हाताखाली शिकलो. शेवटच्या आजारात त्यांनी टोपली माझ्या सासरी पाठवली आणि ग्वांगफूला काहीच सांगितले नाही. त्याला ते अंत्यविधीच्या जेवणात, पाहुण्यांच्या तोंडून कळले. त्याने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि निघून गेला. पुढे समोरच्याच गल्लीत त्याने टोफूचे दुकान घातले. मी दिसले की पलीकडच्या कडेने जायचा. आमचे केस पिकले तरी हे चालू होते.

एका हिवाळ्यात त्याचा खांदा धरला. सोयाबीनचे पिंप उचलेना. भावजयीने त्याला जवळजवळ ढकलतच आणले. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणून आलोय. भाऊ म्हणून नाही."

मी म्हटले, "मग सदरा काढ. गिऱ्हाईकं काढतात."

तो पालथा झोपला. मी उकळत्या पाण्यातून तुंबड्या काढल्या, निथळवल्या, फडक्यावर आपटल्या आणि खांद्यावर बसवल्या. मांस वर ओढले गेले तसा तो जमिनीकडे तोंड करूनच बोलायला लागला.

"बाबांनी मला बोलावून सांगितलं असतं ना ताई, तर मी रागावलो असतो. पण चार दिवस."

"आणि मग?"

"मग तुझ्याकडेच जेवायला आलो असतो."

त्या हिवाळ्यात तो वरचेवर येत राहिला. सोबत यीन यायची. तो बरा झाल्यावर ती एकटी येऊ लागली आणि शिकली.

वेइसुद्धा शिकला आहे. त्याच्या हातात जोर आहे, पण पाणी निथळेपर्यंत त्याला धीर धरवत नाही. नावाडी झोऊच्या पाठीवर फोड आले ते त्यामुळे. फोड बरे होईपर्यंत वेइ त्याच्याकडे अंडी पोचवत होता, हेही लिहिते. टोपली आपल्याला मिळेल असे तो कधी बोलला नाही, पण त्याच्या मनात होते. त्याला ते कागदाने कळू नये, असे मला वाटले.

म्हणून मागच्या रविवारी त्याला बोलावले. ट्रक चालवून त्याची पाठ आखडली होती. तुंबड्या लावल्या आणि टोपली यीनला देणार हे सांगितले. तो म्हणाला, "डावीकडची जास्त ओढतेय, आई."

मी ती काढली.

"अजून ओढतेय."

मी तिथे हात ठेवला. मग तो म्हणाला, "यीनचा हात चांगला आहे. मला माहितीये. तू तोंडानं सांगतेस की नाही, तेवढंच बघत होतो." उठून त्याने सदरा घातला. "टोपलीची कड सुटलीय. नीट बांधून देतो. तिला म्हणावं, मग ने."

तरी या कलमावर कोणी वाद घालू नये. ज्याला घालता आला असता त्याने टोपली बांधून दिली आहे.

कलम ४. माझ्यामागे अंत्ययात्रेला बँड लावू नये. जेवणात वाळवलेले मांस आणि तिखट मिरची असावी.

वरील मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. ग्वांगफूला साक्षीदार म्हणून सही करायची होती. गाव समितीच्या फान बाईंनी सांगितले की मुलीला लाभ आहे, बापाची सही चालणार नाही. तो म्हणाला, "मग मी चहा तरी आणतो." खालच्या कोपऱ्यात जो ओला गोल उमटला आहे तो त्याने माझ्यापुढे ठेवलेल्या कपाचा आहे. ती खाडाखोड समजू नये.

लिहून ठेवणार: थान रुइल्यान (सही व अंगठा)
साक्षीदार: फान च्युइंग, गाव समिती
साक्षीदार: डेंग छ्यांगलिन, सुतार
बाइशा घाट, १२ नोव्हेंबर २०१९