मागची सीट

रविवार, संध्याकाळ

किळस आलीय नुसती. ह्यांनी व्हॅनची मागची सीट काढली अन् तिथं कुणाचा तरी मोठा स्पीकर आणून ठेवला. गाडी कोणत्या आवाजावर सगळ्यात जास्त घुमती ते आधी शोधायचं, मग त्या मापाचा स्पीकरचा डबा सुताराकडून करून सीटच्या जागी बसवायचा म्हणे. पन्नाशीचा माणूस. काचा लावून आत बसले अन् मोबाईल स्पीकरला जोडून आवाजाचा सूर वीस हर्ट्झपासून एकेक आकडा वर चढवत नेला. पत्रा कधी जास्त थरथरतो ते सांगायला मी मागच्या दाराला तळहात लावून उभी.

शेहेचाळीसला हात कोपरापर्यंत झिणझिणला. आतून विचारलं, "आता?" मी म्हणलं, "काहीच नाय." तीनदा फिरवलं, तीनदा खोटं बोलले. आकडा सापडला नाय तर डबा होणार नाय अन् सीट परत बसंल. सासूबाईंना त्या सीटवर आडवं करूनच दवाखान्यात न्यावं लागतं. पण खोटं बोलायची पाळी आली, त्याचीही किळसच.

मग ह्यांनी शेजारच्या भाऊंना बोलावलं. हात लावताच ते म्हणले, "अहो, इथं तर माझी कवळी हलायली."

हे माझ्याकडं वळले. "तुला तीनदा विचारलं."

"आई कुठं झोपतील, हे मी तुम्हाला आठ दिवस झाले विचारायले."

भाऊ खाली बघत निघून गेले. ह्यांनी मोबाईलमधी शेहेचाळीस लिहून घेतलं.