नळीतलं दूध

९ जानेवारी

नात आठ दिवसांची. वजन अकराशे ग्रॅम! माझी लेक सायमा तापानं फणफणलीय, अंगावर दुधाचा थेंब नाही. नर्स क्रांती म्हणाली, "मावशी, हितंच दूध बँक हाय की. बायकांनी दान केलेलं दूध. नळीनं घालू. बापाची सही तेवढी पायजे." जावयानं पेन काढलं — आणि परत खिशात ठेवलं! "मुफ्तीसाहेबांना विचारून येतो." म्हणे इंजिनिअर!

१० जानेवारी

मीही गेले. बायका पडद्याआड. पलीकडं तीन आलिम, धर्माचे जाणकार, आणि चहाची किटली.

मुफ्ती दस्तगीर मूळचे आमच्याच मुरगूडचे. म्हणाले, एका बाईचं दूध प्यालेली लेकरं भावंडं होतात, त्यांचं लग्न हराम. बँकेत दहा जणींचं दूध एकत्र, नावं कुणाला ठाऊक? उद्या भाऊ-बहिणीचाच निकाह लागला तर? इचलकरंजीचे मौलाना म्हणाले, जीव वाचवायला मजबुरीत चालतं, जमाना बदलला. तिसऱ्यांचं वेगळंच — नाकातल्या नळीनं गेलेलं दूध 'प्यालं' म्हणायचं का? यावर तासभर! दोनदा चहा! किताबा उघडल्या ढीगभर, पण पोरीचं वजन एकानंही विचारलं नाही.

शेवटी मीच ओरडले, "अकराशे ग्रॅमची हाय ती!" मुफ्तीसाहेब जावयाला म्हणाले, "परक्या बाईंना गप्प राहायला सांगा." ठरलं काय, तर मोठ्या मदरशाला पत्र. उत्तर पंधरा दिवसांत. वा रे वा!

११ जानेवारी

एक हजार साठ. पावडरच्या दुधानं पोट फुगलंय. या अल्ला.

१२ जानेवारी

अम्मीला सगळं सांगितलं. पंच्याऐंशीची माझी आई हसायलाच लागली. "कोण, मुलाण्याचा दस्तगीर? त्याची आई बाळंतपणातच गेली की. तवा तू अंगावर हुतीस. दोन महिनं त्योबी माझ्याच दुधावर!"

तडक मुफ्तीसाहेबांकडं गेले. पडदा सरकवला. "भाईजान, मी परकी न्हाय," म्हटलं आणि सांगून टाकलं सगळं. तुमच्याच किताबाप्रमाणं मी सख्ख्या बहिणीसारखी! चेहरा उतरला त्यांचा. मग विचारलं, "वजन किती?"

स्वतः चिठ्ठी लिहिली — मजबुरी आहे, दूध द्या. खाली एक ओळ: बायकांची नावं मात्र लिहून ठेवा. मला हसू आवरेना. जावयाचं पेन खिशातनं बाहेर आलं एकदाचं.

२६ फेब्रुवारी

एकोणीसशे! नात घरी आली. भाईजान भाभींना घेऊन पेढे द्यायला आले. चाळीस वर्षांचा संसार, चार लेकरं. अम्मीनं भाभींचा चेहरा निरखला, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मग मला जवळ ओढून कानात म्हणाली, "आगं, ही पिंजाऱ्याची जैतून! तुझ्या धाकट्या भावासंगं हिलाबी पाजलंय म्या." आणि मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"काय म्हणतायत अम्मी?" भाईजाननी विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "तिला आता नावं आठवत नाहीत."