ओळंब्यातली पाटी

मार्लो, आयोवा
रविवार, २६ ऑक्टोबर

प्रिय लायल,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतोय? टूसॉनच्या उन्हात तरी तो सरळ होत असेल. इथे आम्ही मजेत. मर्नाचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, माझं शनिवार सोडून बाकीचे दिवस ताब्यात असतं. मका निघाला, शेतं मोकळी झाली. सकाळी गाडीची काच खरवडावी लागते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा झाला तरी माणूस आधी एकदा वाचतो, तेवढीच आशा.

पहिली बातमी: आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने, आपल्या बगळ्यांनी, तीन सामने जिंकले! हसू नकोस. आठात तीन. गेली दोन वर्षं मिळून तीन नव्हते. काल घरच्या मैदानावर १७-१४. शेवटची दोन मिनिटं उरलेली, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू फक्त एक यार्ड पुढे न्यायला हवा. तुला माहीत आहे, कोच ब्रॅडिन अशा वेळी काय करतो. लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकतो आणि हाताची घडी घालून उभा राहतो. अख्खं स्टेडियम ओरडत होतं, "लाथ नको! लाथ नको!" आणि पठ्ठ्याने खरंच मारली नाही. सरळ घुसवला पोरांना. दीड यार्ड मिळालं. मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. ती म्हणाली, "आजोबा, चष्मा मोडेल."

आज सकाळी ओपलच्या हॉटेलात आपलं टेबल भरलं होतं. हर्शेल औषधवाला, बड ट्रॅक्टरवाला, मी. ओपलने कॉफी ओतता ओतताच विचारलं, "आज रडायचंय की हसायचंय? त्याप्रमाणे रुमाल आणते."

बड म्हणाला, "तीन सामन्यांत काय हुरळता? त्यातला एक तर समोरच्यांची बस दोन तास अडकली म्हणून जिंकलो."

"बस काय आपल्या कोचने अडवली होती?" हर्शेल म्हणाला. "मी पहिल्यापासून म्हणतोय, माणसाला वेळ द्या."

लायल, हे हर्शेल म्हणतोय! गेल्या वर्षी कोचला हाकला म्हणून कॉलेजच्या अध्यक्षांना जो अर्ज गेला, त्यावर पहिली सही याची होती. बडने तसं तोंडावर सुनावलं. तर म्हणे, "सही मी अर्ज न वाचता केली होती." चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचून गोळ्या दिल्या या माणसाने.

बडचा राग अजून क्रीडा संचालक गॅफनीवरच आहे. तो म्हणतो, कोच बिचारा स्वयंपाकी, बाजार करून आणणारा गॅफनी. दांडगी पोरं आणायची सोडून याने काय आणलं, तर नवा भलामोठा गुणफलक. "पूर्वी आपली अब्रू मैदानातल्या मैदानात जायची," बड म्हणाला, "आता हायवेवरून दिसते." ओपल एवढी हसली की कॉफी बशीत सांडली. पण अध्यक्षांनी कोचला आणखी दोन वर्षं दिली आहेत, आणि गॅफनीला कुणी काही बोलत नाही. कॉलेज तसंच चाललंय आणि आपण तसेच भांडतोय. तू असतास तर गॅफनीची बाजू घेतली असतीस, निव्वळ बडला चिडवायला.

तुझी जागा मी सोडलेली नाही. बाविसावी रांग, चौदा नंबर. दोन्ही तिकिटं घेतली यंदाही. त्या जागेवर मी घोंगडी आणि थर्मास ठेवतो. कुणी विचारलं की सांगतो, भाऊ येतोय, गाडी लावायला गेलाय. काल एक म्हातारा म्हणाला, "सप्टेंबरपासून गाडीच लावतोय का तुमचा भाऊ?"

आता मुद्द्यावर येतो. नाही, थांब, आधी पत्रपेटीचं सांगतो.

मंगळवारी नोरीनचा फोन आला. नोरीन म्हणजे कोच एमेटची बायको. गेल्या हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाडीने त्यांची पत्रपेटी उडवली, तेव्हापासून टपाल पायरीवर पडतंय. म्हणाली, "व्हर्जिल, आता आम्ही इथेच राहणार असं ठरलंय, तर नवा खांब रोवून द्याल का? कुंपणाचं काम तुमच्यासारखं कुणी करत नाही." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

गेलो. कुदळ, पहार, पाणसळ, ओळंबा, सगळं घेऊन. ती स्वेटर अंगात अडकवत बाहेर आली आणि अंगणाच्या कडेला, बरोब्बर त्या जागी, टाच टेकवून उभी राहिली. "इथे," म्हणाली. "इथली माती आधीच मोकळी आहे." मी खाली मान घालून खणायला लागलो. तुला ठाऊक आहे मी खणताना बोलतो. त्या दिवशी बोललो नाही. खांब उभा केला, माती कुटली. ती बघत होती. मग अगदी सहज म्हणाली,

"गेल्या वेळेसारखा सरळच बसवा हं."

लायल, माझ्या हातातून पहार पडली. पायावर नाही पडली, पडायला हवी होती.

आता तुला सांगायची गरज नाही, तरी मला लिहायचंय. ती पाटी मी लावली होती. 'घर विकणे आहे.' गेल्या वर्षी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या सामन्याला, आपण ५२-३ हरलो त्या संध्याकाळी. तू स्टेडियमबाहेर शंभर माणसांसमोर ओरडलास, "अरे, कुणीतरी या कोचच्या अंगणात घर विकायची पाटी लावा!" सगळे हसले, तूही हसलास, गाडीत बसलास, विसरलास. मी विसरलो नाही. मी घरी गेलो. मर्ना तिच्या बहिणीकडे होती. गॅरेजमध्ये मर्नाच्या घरं विकायच्या धंद्याच्या पाट्या रांगेने उभ्या होत्या. एक उचलली, तिच्या नावावर आणि फोटोवर चिकटपट्टी लावली, आणि दिवेलागणीच्या आत कोचच्या गल्लीत पोचलो. गल्ली ओस. सगळे अजून मैदानावर, मेळाव्याच्या जेवणाला. तिथे खड्डा खणला, खांब रोवला, आणि सवयीप्रमाणे ओळंबा लावला. मग वर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत थांबलो. रागाने धुमसत होतो, लायल, पण पाटी तिरकी जाऊ दिली नाही. असा गाढव!

आणि दहिवराने ती चिकटपट्टी सुटली. सकाळी कोचने पडदा सारला तर समोर मर्ना हसतेय, खाली फोन नंबर.

त्या रविवारी आमचा फोन थांबेना. लोक कोचच्या घराला किती खोल्या आहेत ते विचारत होते. मर्ना आधी रडली, मग चिडली. म्हणाली, "पाटी आपल्या गॅरेजमधून गेलीये. आपल्याशिवाय किल्ली कुणाकडे आहे?" किल्ली तुझ्याकडे होती. मी पावाला लोणी लावत होतो. लावतच राहिलो. तिने तुला फोन केला, तू एवढंच म्हणालास, "पाटी परत गॅरेजमध्ये ठेवलीये, मर्ना. सॉरी." मी स्वतःची समजूत घातली की तुला जाता जाता दिसली असेल, म्हणून उचलून आणलीस, तुला बाकी काही माहीत नसेल. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिने तुझं ताट मांडलं नाही. मी टर्की कापत होतो, तेव्हाही बोललो नाही. जानेवारीत तू लेकीकडे, जोलीनकडे, टूसॉनला गेलास, "माझ्या गुडघ्याला थंडी सोसत नाही," म्हणून. मी म्हटलं, हो, थंडी फारच आहे.

कोच ब्रॅडिनला मी कायम भित्रा म्हणायचो. चौथा प्रयत्न आला की चेंडू लाथाडतो म्हणायचो. मी तर वर्षभर तेच करत होतो.

तर नोरीन. मी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "कॉलेजच्या पोरांनी लावली असती तर पहिल्या वाऱ्यात आडवी झाली असती. एमेट गदागदा हलवत होता, ती हलेना. तो म्हणाला, हा खांब व्हर्जिल ओस्टर्मनचा आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तेवढ्यात तुमचे भाऊ आले. टोपी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, पाटी मी लावली, माझं डोकं फिरलं होतं. आमची मुलगी तेव्हा नुकती वाचायला लागली होती. तिने पाटी वाचली आणि खेळणी खोक्यात भरायला घेतली. तुमचे भाऊ गुडघा दुखत असताना जमिनीवर बसले आणि तिच्याबरोबर एकेक खेळणं परत फळीवर लावलं. मग पाटी उपटायला गेले. अर्धा तास लागला त्यांना. सारखे शिव्या देत होते. कुणाला, ते आम्हाला दोघांनाही कळत होतं."

मी त्या पोरीचं काही ऐकलंच नव्हतं. तुझंही काही ऐकलं नव्हतं. मी तिथेच ओल्या मातीत बसलो, आणि सांगायला लाज वाटत नाही, रडलो. नोरीनने मला कॉफी आणून दिली. कोच सरावाहून आला, माझ्याकडे बघितलं, खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "मस्त बसलाय." मी माफी मागितली. तो म्हणाला, "व्हर्जिल, त्या दिवशी ५२-३ हरल्यावर मलाही वाटलं होतं, पाटी लावावी." माणूस चांगला आहे रे. लाथ जरा जास्त मारतो, एवढंच.

संध्याकाळी मर्नाला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझा फोटो? जगातल्या सगळ्या पाट्या सोडून माझा फोटो घेऊन गेलास?" मी म्हटलं, हाताशी तीच होती. "आणि लायलला मी जेवायला बोलावलं नाही, तेव्हा तू समोर बसून टर्कीची मांडी कुणाला पाहिजे विचारत होतास!" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला तू लिही. मी लिहिलं तर माझंच रडगाणं होईल."

आणि आज टेबलावर सांगितलं. सगळ्यांना. ओपललाही थांबवलं. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग बड म्हणाला, "तरीच! लायलला साधा खिळा सरळ मारता येत नाही!" हर्शेल म्हणाला, मी पहिल्यापासून म्हणत होतो. त्याला आम्ही तिघांनी मिळून गप्प केलं. माझं नाव आता पाटीवाला पडलंय. पडू दे. तुझं नाव मात्र धुतलं गेलं, ओपल पुन्हा तुझ्या आवडीचं दालचिनीचं बन तुझ्या नावाने बाजूला काढणार आहे. खरंच सांगतो, वर्षभरात पहिल्यांदा मला नाश्ता गोड लागला.

आता खरा मुद्दा. हे सगळं त्यासाठीच लिहितोय.

पंधरा दिवसांपूर्वी जोलीनचा मर्नाला फोन आला. तू तुझं इथलं घर विकायचं म्हणतोयस. मार्लोत घरं विकणारी एकटी मर्ना, म्हणून तिलाच विचारलं. मर्नाने तेव्हा पाटी माझ्या हातात दिली, म्हणाली, लायलच्या दारात रोवून ये. ती तेव्हापासून माझ्या गाडीच्या मागच्या भागात पडून आहे. दोनदा तुझ्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तुझ्या नळांना फडकी गुंडाळली, पायरीवरची पानं झाडली आणि परत आलो. आता मर्ना विचारत नाही. उलट काल म्हणाली, "त्या पाटीवर कचरा साचू दे."

सोबत तिकीट आहे. १५ नोव्हेंबर, घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. हरणार आहोत बहुतेक. मर्ना म्हणते, तू थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबायचंस, ताट मांडलेलंच आहे. थंडी आहे, खोटं कशाला बोलू, पण घोंगडी मोठी आहे.

आणि तुला खरंच घर विकायचंच असेल, तर ते तुझं घर आहे, मी रोवीन पाटी. मोठ्या भावाने सांगितलं तर नाही कसं म्हणू? फक्त एक आत्ताच सांगून ठेवतो, लायल. ओळंबा घरी ठेवून येईन. जन्मात पहिल्यांदा खांब वाकडा रोवीन, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे की ती मनातून लावलेली नाही.

तुझा धाकटा,
तुझ्यावर आळ येऊ देऊन वर्षभर पावाला लोणी लावत बसलेला,
व्हर्जिल पाटीवाला