दुप्पट फंड आणि बाबांची सही

८ मार्च, रविवार

मागच्या रविवारी इथे लिहिलं ते चूक आहे. खोडत नाही. चूक दिसू दे.

मी लिहिलं होतं — बाजार पडून पुन्हा होता तिथे आला की रोज बाजाराच्या दुप्पट चढणारा-पडणारा दुप्पट फंडही होता तिथे येतो. नाही येत! आज मांडून पाहिलं. शंभराचा बाजार दहानं पडला, नव्वद झाला. फंड दुप्पट पडला, ऐंशी. दुसऱ्या दिवशी बाजार परत शंभर, म्हणजे अकरा टक्क्यांहून थोडा जास्त वाढला. फंड त्याच्या दुप्पट, बावीस टक्के वाढला — पण ऐंशीवर! सत्त्याण्णव आणि वर काही पैसे. बाजाराचं काहीच गेलं नाही, आपले दोन रुपये गेले. असंच रोज होत राहिलं तर?

टक्केवारी मला बाबांनी घरी शिकवली, शाळेत शिकवायच्या आधी. आणि मी त्यांनाच चुकीचं समजावलं. ते ऐकूनच त्यांनी ग्रॅच्युइटीचे दोन लाख त्यात घातले.

९ मार्च

आदेशदादाला विचारलं. मामाचा मुलगा, हे परदेशी फंड गडचांदुरात त्यानंच आणले, त्याच्याच अ‍ॅपवरून घेतले जातात. हसला. "तू लय खोलात जाते मयुरे. बाजार चढला त दुप्पट, पडला त उलटा फंड घेऊ. दोन्हीकडून आपलंच!"

दोन्हीकडून आपलंच, तर या फंडांवर नवा नियम कशाला येतोय?

१० मार्च

नियमाचा मसुदा पूर्ण वाचला. परीक्षा दिल्याशिवाय साध्या माणसाला दुप्पट आणि उलटे, म्हणजे बाजार पडला की चढणारे, फंड घेता येऊ नयेत, असा प्रस्ताव. हरकती-सूचना २० तारखेपर्यंत. आणि आदेशदादा घरोघरी छापील हरकत फिरवतोय, इंग्रजीत — "मला धोका पूर्ण समजला आहे, परीक्षेची अट नको." चौदा सह्या झाल्या. तिसरी बाबांची.

बाबांना कोणी वाचून दाखवलं? आदेशदादाला एवढी घाई का? एका सहीमागे त्याला किती पैसे मिळतात?

११ मार्च

तोंडावर विचारलं. "पोलीस भरती दे तू!" म्हणाला. मग मोबाइल पुढे केला. त्याचे स्वतःचे तीन लाख त्याच फंडात. मी रक्कम दोनदा पाहिली. तारीखही पाहिली.

खरं दिसलं. पण कोणी विचारलं तर दाखवायला ठेवले असतील तर?

१२ मार्च

मसुद्याच्या शेवटी नमुन्याचे दहा प्रश्न आहेत. मागच्या रविवारी मला जेवढं कळत होतं, तेवढ्यावरच सोडवले — प्रामाणिकपणे. नऊ बरोबर. पास!

चुकीचं समजूनही पास. भीती वाटली.

१३ मार्च

बाबांना आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

सांगितलं. वही पुढे ठेवली. बाबांनी वहीकडे पाहिलंच नाही.

"तीस वर्षं काट्यावर काढली मी," म्हणाले. सिमेंट कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्यावर होते ते. "रिकामी गाडी बी रोज नव्यानं तोला लागे. चिखल लागते, डिझेल कमी-जास्त राह्यते. कालच्या वजनावर आजचा माल काढला का फरक आलाच. हा फंड बी तसाच. रोज नव्यानं तोलते. मले तवाच समजलं होतं."

"मग तुम्ही बोलले काऊन नाई?"

उठले. चप्पल घालून बाहेर गेले.

१५ मार्च, रविवार

सकाळी चहा पिताना आपणहून म्हणाले, "तू एवढी समजावून राह्यली होती. म्हटलं, शिकलेली आहे, मीच चुकत असन."

आठवडाभर मी फसवणारा शोधत होते!

बाबांची सही मागे घ्यायची. फंड विकायचा, ते म्हणतील तर. आणि माझ्या नावानं सूचना पाठवायची — परीक्षा समजावणाऱ्याचीही घ्या, आणि रोज नव्यानं तोलण्याचं हे गणित त्यात घाला. उद्या. सोमवार, १६ मार्च.